शारदासदन ते मुक्तिसदन : पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेची पुण्यातील जडणघडण

पंडिता रमाबाईंचे चरित्र सांगण्याच्या दोन परंपरा रूढ आहेत. एकीत त्यांची संस्कृत विद्वत्ता, कलकत्त्यात झालेला गौरव व विधवांच्या शिक्षणाचे कार्य यांना अग्रस्थान मिळते आणि धर्मांतर हा एक खेदजनक अपवाद मानला जातो. दुसरीत धर्मांतर हेच शिखर ठरते आणि त्यापूर्वीचे सारे आयुष्य केवळ त्याची पूर्वतयारी म्हणून दाखविले जाते. दोन्ही परंपरांत एक गोष्ट समान आहे. रमाबाईंच्या श्रद्धेचा प्रश्न इ. स. १८८३ मध्ये, इंग्लंडातील बाप्तिस्म्याबरोबर, कायमचा निकालात निघाला असे दोन्ही गृहीत धरतात. परंतु रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेले आत्मनिवेदन या गृहीताला छेद देते. बाप्तिस्म्याने आपणास ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त मात्र त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी लाभला, असा त्यातील आशय आहे. हा हिशोब १८९१ पर्यंत येऊन पोहोचतो, आणि त्या वर्षी रमाबाई पुण्यात होत्या. म्हणूनच त्यांच्या श्रद्धेच्या घडणीचा शोध पुण्यातील वर्षांत घेणे अगत्याचे आहे.

या घडणीचा आरंभ दुष्काळापासून होतो. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या माथ्यावरील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविले व लोकांचा रोष पत्करला. पुढे रमाबाईंना आईनेच शिकविले. तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत हे कुटुंब वर्षानुवर्षे हिंडत असे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्नाचा दुष्काळ पडला तेव्हा जवळचे द्रव्य संपले, भांडीकुंडी विकली गेली. शास्त्र्याच्या घराण्यातील माणसांनी मजुरी कशी करावी, याचे शिक्षण कोणासही नव्हते, आणि मागून खाणे लाजिरवाणे वाटत होते. काही महिन्यांच्या अंतराने वडील व आई निवर्तली. पुढे थोरली बहीणही गेली. आई मरणोन्मुख असता शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागावयास गेलेल्या रमाबाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही, चेहऱ्यावरूनच त्या गृहिणीने ओळखले, हा प्रसंग त्यांनी स्वतः नमूद करून ठेवला आहे. आणलेली भाकरी आईच्या पोटात जाऊ शकली नाही. भाऊ श्रीनिवास यांच्यासह पुढील प्रवास पायी झाला. तो १८७८ मध्ये कलकत्त्यास येऊन थांबला, आणि तेथे 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या त्यांना मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ व फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. वयाची चोविशी पुरी होण्याच्या आत, कडेवर दहा महिन्यांची मनोरमा, अशी त्यांची स्थिती होती.

त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, 'स्त्रीधर्मनीति' या ग्रंथाचे प्रकाशन आणि हंटर आयोगापुढील साक्ष या तिन्ही गोष्टी १८८२ मधील आहेत. १८८३ मध्ये त्या इंग्लंडात गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यानंतरचा त्यांचा पत्रव्यवहार आज्ञाधारक शिष्येचा नाही. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्या शंका उपस्थित करीत. चर्चच्या अधिकाऱ्यांचा शब्द हाच परमेश्वराचा शब्द, हे मानण्यास त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तसेच दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांस कळविले. क्रुसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृत का नसावीत, हाही त्यांचाच प्रश्न. बुद्धीने स्वीकारलेला धर्म त्या बुद्धीनेच पारखून पाहत होत्या. पण सांत्वनाचा प्रश्न अनुत्तरित राहिला होता.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षाअखेर बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांपर्यंत साहाय्याचे अभिवचन दिले. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. विधवांना शिक्षण देणारी ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, अशी अट होती. नोव्हेंबर १८९० मध्ये ती पुण्यास आली. नेमक्या त्याच्या आदल्या महिन्यात पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी पंचहौद मिशनमध्ये एका सभेस गेली होती व तेथे पुढे आलेला चहा काहींनी घेतला होता; त्यावरून उठलेले ग्रामण्य पुढे दीर्घकाळ चालले. मिशनच्या आवारातील पेलाभर चहाने जेथे न्या. रानडे व टिळक यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात ओढले, तेथे एका ख्रिस्ती ब्राह्मण विधवेने हिंदू विधवांचे वसतिगृह चालविणे किती अवघड होते, हे निराळे सांगणे नलगे.

अशा वातावरणात १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त रमाबाईंच्या वाचनात आले. धर्मोपदेशक म्हणून काम करीत असतानाही आपणास खरा विश्वास नव्हता, असे त्याने त्यात सांगितले होते. त्या आरशात रमाबाईंनी स्वतःला पाहिले. ज्ञान, आचार व संस्था हे सारे असूनही अंतःकरण रिते असू शकते, हे त्यांना उमगले. लहानपणी उपास, तीर्थे, दाने करूनही संकट टळले नाही, तेव्हा देवतांवरील त्यांचा विश्वास ढळला होता. आता गवसलेल्या विश्वासात संकट टळण्याचे आश्वासन नव्हते. संकटात आपण एकट्या नाही, आणि आपले दुःख हे कुठल्याशा पापाचे माप नाही, हे त्यांस पटले. हा भेद बारीक असला तरी पुढील आचरणाचा उलगडा त्यानेच होतो.

त्याची पहिली कसोटी १८९३ मध्ये लागली. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत व दार उघडे असे. काही मुली तेथे येऊन बसत. 'केसरी'ने यावर कठोर टीका केली. ऑगस्ट १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, आणि सुमारे पंचवीस मुली पालकांनी परत नेल्या. टीकाकारांची बाजू पोकळ नव्हती. तटस्थतेच्या अभिवचनावर ज्यांनी आपल्या लेकी-सुना संस्थेत धाडल्या, त्यांना विश्वासघात झाल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते. रमाबाईंचे म्हणणे असे की, हिंदू मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक आहे. तेवढीच मोकळीक आपणासही हवी, दार लावून घेण्यास आपण बांधलेल्या नाही. येथे दोन न्याय्य वाटणाऱ्या अपेक्षा एकमेकींवर आदळल्या होत्या. मात्र सदनातून बाहेर पडणारी प्रत्येक विद्यार्थिनी ख्रिस्ती झाली, हा समज टिकत नाही. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा विवाह मार्च १८९३ मध्ये प्रा. धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, आणि त्याच्या कार्यात या बाया कर्वे यांचा वाटा मोठा होता.

दुसरी कसोटी म्हणजे १८९६-९७ चा मध्य प्रांतातील दुष्काळ. वीस वर्षांपूर्वीची उपासमार आठवून रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. इतक्यात पुण्यात प्लेग आला व नगराच्या अधिकाऱ्यांनी नव्या माणसांस आणून ठेवण्यावर निर्बंध घातले. बॉस्टनच्या साहाय्याची मुदत संपल्यावर उत्पन्न असावे म्हणून पुणे-दौंड रेल्वेमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. तेथे तंबू व गवती झोपड्या उभारून या मुलींची सोय झाली. मुक्तिसदनाचा जन्म असा अडचणीतून झाला. त्याच मे महिन्यात पुण्यातील प्लेग-रुग्णालयांत स्त्रियांची होणारी हेळसांड त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रातून उघड केली व सरकारचा रोष पत्करला. राज्यकर्ते स्वधर्मीय आहेत म्हणून त्यांनी मौन धरले नाही. सोसण्याचा अर्थ अन्याय मुकाट्याने सोसणे असा त्यांनी कधीच घेतला नाही.

१९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर मुक्तिसदनातील आश्रितांची संख्या हजारांहून अधिक झाली. तेथील व्यवस्था बारकाईने पाहिली असता रमाबाईंच्या पूर्वायुष्यातील प्रत्येक जखमेला एकेक उत्तर दिलेले आढळते. ज्या कुटुंबाला हातांनी काम करता आले नाही म्हणून अन्न मिळाले नाही, त्या कुटुंबातील मुलीने शेती, विणकाम व छापखाना यांना पुस्तकी विद्येइतकेच महत्त्व दिले. जिला मागावयास शब्द सापडला नाही, तिच्या दाराशी आलेलीस मागावे लागू नये, अशी तजवीज झाली. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. अंधांना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम मनोरमाबाईंनी केले.

शेवटची वर्षे बायबलच्या सोप्या मराठी भाषांतरात गेली. त्यासाठी रमाबाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. छपाई सदनातील स्त्रियांनीच केली. श्रवणशक्ती मंदावली होती. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक कन्या मनोरमा गेली. तरीही काम थांबले नाही, आणि ते तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुःखाने माणूस आपोआप मोठा होत नाही. १८७४ च्या दुष्काळात होरपळलेली माणसे लाखोंनी होती. त्यांतील बहुतेकांच्या वाट्यास केवळ दुःखच आले. रमाबाईंच्या ठायी त्या अनुभवाचे सामर्थ्यात रूपांतर होण्यास दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. वाँटेजपासून पुण्यापर्यंत प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांनी कोणाच्याही स्वाधीन केला नाही, आणि १८९१ नंतर आपले दुःख त्यांनी इतरांच्या दुःखाची ओळख पटविणारी खूण मानली. यांतील पहिली गोष्ट त्यांनी आईवडिलांकडून आणली होती, दुसरी त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेने दिली. या दोहोंचा सांधा जुळला तो त्यांना नाकारणाऱ्या पुण्यातच.