न्यू यॉर्क रेंजर्सचा पहिला चषक

बर्फावरील हॉकींत चेंडूच्या जागीं कठीण रबराची चकती असते, आणि ती गोळीसारखी येते. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील हकीकत समजेल.

न्यू यॉर्क रेंजर्स हा व्यावसायिक संघ 1926 सालीं निघाला. खेळाडू जमविले कॉन स्माइथ यांनीं. पण पहिल्या सामन्यापूर्वींच त्यांना दूर करून सूत्रें लेस्टर पॅट्रिक यांच्या हातीं देण्यांत आलीं. दुसऱ्याच हंगामांत, 1928 च्या एप्रिलांत, पिट्सबर्ग व बॉस्टन यांना मागें सारून रेंजर्स स्टॅन्ले चषकाच्या अंतिम फेरींत आले. घरच्या मैदानावर सर्कशीचा मुक्काम. म्हणून पांचही सामने प्रतिस्पर्धी मरून्सच्या मॉन्ट्रिऑल शहरींच झाले!

पहिला सामना गेला. 7 एप्रिलच्या दुसऱ्यांत गोलरक्षक लॉर्न शाबो यांच्या डोळ्यावर चकती आदळली. तेव्हां संघांत राखीव गोलरक्षक नसे, आणि बाहेरचा घेण्यास प्रतिपक्षाची संमति लागे. ऑटावाचे नामांकित ॲलेक कॉनेल प्रेक्षकांतच बसले होते; पण मरून्सनीं नकार दिला. अखेर 44 वर्षांचे पॅट्रिक स्वतःच गोलांत उभे राहिले. त्यांनीं 18 फटके अडविले, एकच सुटला. जादा वेळांत फ्रँक बाउचर यांनीं गोल केला व सामना 2-1 असा जिंकला.

ह्या प्रौढ गृहस्थाच्या धाडसाचेंच कौतुक लोक करीत आले आहेत, आणि तें योग्यहि आहे. तथापि चषक आणला तो बाउचर यांनीं, असें मला वाटतें. पुढें न्यू यॉर्क अमेरिकन्स संघाचे ज्यो मिलर गोलांत आले. तिसरा सामना हरला, चौथा 1-0 व 14 एप्रिलचा पांचवा 2-1 असा जिंकला. ह्या दोन विजयांतले तिन्ही गोल बाउचर यांचेच होते.