पात्रनामे, मराठी साहित्यातील

पात्रनाम म्हणजे कथा, कादंबरी किंवा नाटकातल्या कल्पित व्यक्तीला लेखकाने दिलेले नाव. मराठीत ते निवडताना शब्दकोश अपुरा पडतो. आडनावातून गाव, घराणे आणि पुष्कळदा जातही कळते. हाक मारण्याच्या तऱ्हेतून वय आणि मान कळतो. पात्र बोलू लागण्याआधीच त्याची निम्मी ओळख झालेली असते.

जुन्या नाटककारांनी अर्थावरच भिस्त ठेवली. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’त (1899) कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघालेला म्हातारा भुजंगनाथ आहे आणि पैशासाठी मुलगी देणारा बाप कांचनभट, एकाच्या नावात साप, दुसऱ्याच्या नावात सोने. (1929 चा ‘शारदा कायदा’ मात्र हरविलास शारदा यांच्या आडनावावरून ओळखला जातो, नाटकावरून नव्हे.) राम गणेश गडकरी यांनी ‘एकच प्याला’त हीच रीत अधिक खोल नेली. दारूपायी बुडणारा नायक सुधाकर. सुधा म्हणजे अमृत, आणि त्याच्या हातात मद्याचा पेला! त्याच नाटकातला तळीराम तर रंगमंचावरून थेट भाषेत उतरला. आजही वर्तमानपत्रे कोणत्याही मद्यपीला तळीराम म्हणतात.

पुढे अर्थापेक्षा गाव बोलू लागले. ‘-कर’ हा प्रत्यय लेखकाच्या हातचे मोठे साधन आहे, पण तो जपून वापरावा लागतो. मीरा-भाईंदरमधल्या काशीगावचा माणूस कथेत ‘काशीकर’ झाला, तर वाचक आधी वाराणसीला पोचेल. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (1967) लीला बेणारेवरच्या लुटुपुटूच्या खटल्यात न्यायाधीश होतात ते काशीकरच. तीर्थक्षेत्राचे नाव आणि त्या माणसाचा निर्दयपणा एकत्र आले की ते आडनाव कानाला टोचते. भाईंदरच्या खाडीपलीकडे वसई तालुक्यात अर्नाळा आहे. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर म्हणून घराघरांत पोचले. त्यांनी आपल्या नायकांना मात्र गावाची नव्हे, पराक्रमाची नावे दिली: झुंजार, धनंजय. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे फुरसुंगीचा. तीन ‘फ’ एका दमात येतात आणि पोराचा वेग जिभेवरच जाणवतो.

हाकेची गंमत वेगळीच. चिं. वि. जोशी यांनी ‘चिमण’ या लहानग्या शब्दाला भारदस्त ‘राव’ जोडला आणि चिमणरावाची सगळी फजिती त्या जोडणीत मावली. पु. ल. देशपांडे यांचा अंतू बर्वा ‘अनंतराव बर्वे’ असता, तर रत्नागिरीचा तो तिरकस म्हातारा तितका जवळचा वाटला नसता.

शब्दार्थ आणि मनातले चित्र यांची फारकत सर्वांत सुंदर दिसते ती साने गुरुजींकडे. त्यांचे स्वतःचे नाव पांडुरंग, म्हणजे पांढऱ्या कांतीचा. ‘श्यामची आई’त स्वतःच्याच बालपणाला त्यांनी नाव दिले श्याम, म्हणजे सावळा. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (1963) नायकही पांडुरंगच, सांगवीचा सांगवीकर. कोशात पांडुरंग गोरा असला, तरी मराठी घरात ते नाव उच्चारले की डोळ्यांपुढे पंढरपूरची काळीसावळी मूर्तीच उभी राहते.