धोट्याचा विटाळ

कोकणातून, देशावरून अस्पृश्य माणूस पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत आला. गाव सुटले, जात सुटली नाही. विणकाम खात्यात, म्हणजे साच्यावर, धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आपल्या तोंडाला लावण्यास सवर्ण कामगार तयार नव्हते. म्हणून जास्त पगाराचे हे खाते अस्पृश्यांना बंद राहिले आणि सूतखात्यातली कमी मजुरीची कामे त्यांच्या वाट्याला आली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी तो मागण्यांत घेतला, पण नाइलाजाने.

पुढे १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. सारख्या कामाला इतरांइतकीच मजुरी, प्रवासभत्ता, राहण्याची सोय हे हक्क त्याने कागदावर आणले. ते मोलाचेच आहेत. परंतु ज्याला ते काम करूच दिले जात नाही, त्याने समान मजुरी मागायची कोणाजवळ? शहरांच्या गटारांत आजही बहुतेक दलितच उतरतात. स्थलांतरिताच्या मानवी हक्कांचा विचार करणाऱ्यांनी मजुरीचा हिशेब जरूर तपासावा. पण कोणते काम कोणाच्या जातीला दिले, हे आधी विचारावे.