राजकीय जोखमीचे अभ्यासक

परदेशात भांडवल गुंतवणाऱ्या कंपनीचे सरकारी निर्णय, सत्तांतर अथवा हिंसाचार यांमुळे होऊ शकणारे नुकसान म्हणजे राजकीय जोखीम. हा विषय व्यवस्थापनशास्त्रात रुजला तो १९७० च्या दशकात. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर कंपन्याही त्याकडे गांभीर्याने पाहू लागल्या.

हार्वर्डचे रेमंड व्हर्नन यांनी १९७१ च्या ‘सॉव्हरिन्टी अ‍ॅट बे’ या ग्रंथात मांडलेला विचार आजही पायाभूत मानला जातो. करार होईपर्यंत वरचष्मा कंपनीचा असतो. खाण खोदून झाली की तो यजमान सरकारकडे जातो, कारण खाण उचलून नेता येत नाही. व्हॉर्टनचे स्टीफन कोब्रिन यांनी १९७९ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेताना एक गल्लत दाखवून दिली : अस्थैर्य आणि जोखीम एकच नव्हेत. सरकारे वारंवार बदलूनही उद्योगाचे नियम कायम राहू शकतात, आणि शांत भासणाऱ्या देशात एका आदेशाने परवाना रद्द होऊ शकतो.

सिरॅक्यूज विद्यापीठाचे विल्यम कोप्लिन व मायकेल ओ’लिअरी यांनी या अभ्यासाचा व्यवसाय उभारला. त्यातून वाढलेला पीआरएस ग्रुप आज देशांना राजकीय जोखमीसाठी शंभरपैकी गुण देतो. (अधिक गुण म्हणजे कमी जोखीम, घाईत वाचणारा येथे हमखास फसतो.)

देशपातळीवरच्या अशा गुणांची मर्यादा मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. ऑगस्ट १९९५ मध्ये एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प रद्द केला तो मुंबईतील नव्या युती सरकारने. दिल्लीत तेव्हा सत्ताबदल झालाच नव्हता, उलट केंद्राने प्रकल्पाला प्रतिहमीही दिलेली होती. पुढे फेरकरार झाला, वीज सुरू झाली. पण दर न परवडल्याने राज्य वीज मंडळाने खरेदी थांबवली आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. धोका राष्ट्राच्या गुणपत्रिकेत दिसण्याजोगा नव्हता. तो राज्याच्या राजकारणात, मंडळाच्या हिशेबात आणि गुहागर परिसरातील विरोधात होता.

व्हॉर्टनचेच विटोल्ड हेनिस यांनी आधी सरकारचा निर्णय रोखू शकणाऱ्या संस्था मोजणारा निर्देशांक तयार केला. २०१४ मध्ये मात्र सहकाऱ्यांसह त्यांनी १९ कंपन्यांच्या २६ सोन्याच्या खाणी तपासल्या. स्थानिक लोक व राजकीय घटक यांचे सहकार्य लाभलेल्या कंपन्यांना शेअर बाजार अधिक मूल्य देतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.