अण्णांची अँबेसेडर, ड्युको आणि बफिंगचं मशीन



दसऱ्याच्या आधी आमच्या रामबागेतल्या घरी गाडीवरून चांगलीच वादावादी झाली. त्या निमित्ताने इंदूरच्या बऱ्याच जुन्या गोष्टी निघाल्या, म्हणून लिहितोय. लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

गाडी म्हणजे अण्णांची गडद निळी अँबेसेडर. १९७४ साली त्यांनी ती सेकंडहँड घेतली आणि लगेच छावणीतल्या एका पेंटरकडून नवीन ड्युको मारून घेतला. अण्णा वकील, हात कधी ग्रीसला लागला नाही, पण दरवर्षी नवमीच्या सकाळी धोतर खोचून गाडीपाशी बसायचे. डब्यातलं रबिंग कंपाऊंड, जुन्या धोतराचं फडकं, आणि गोल गोल हात. फडकं निळं व्हायचं, बॉनेट आरशासारखं. मग दुसऱ्या दिवशी आई त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढायची, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. आपल्याकडे खंडेनवमीला तलवारी-बंदुका पुजल्या जायच्या. ज्यांच्याकडे तलवार नव्हती त्यांनी शिवणयंत्र, सायकल आणि पुढे गाडी पुजली.

अण्णा जाऊन आता अकरा वर्षं झाली. गाडी महिन्यातून एकदा सुरू करतो, बस. रंग पार मेलाय. धाकटा भाऊ म्हणाला, सगळा खरवडून नवा रंग मारू. पुतण्या पीथमपूरच्या एका कारखान्यात पेंट शॉपमध्ये आहे, तो म्हणाला, "काका, नवा रंग कशाला? मशीनने बफिंग करतो, दोन दिवसांत चमकवतो." आणि आई म्हणाली, "कोणीही हात लावू नका."

आता जरा मागे जाऊ. हा "ड्युको" शब्द आपण सगळे वापरतो, कपाटालासुद्धा "ड्युको करून घ्या" म्हणतो. हे मुळात अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या रंगाचं नाव, झेरॉक्ससारखं. त्याच्या आधी मोटारींना बग्गीसारखंच व्हार्निश लावत. थरावर थर, प्रत्येक थर वाळायला दिवस लागत, एका गाडीचा रंग पुरा व्हायला आठवडे जात. १९२३-२४ च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजचा हा रंग आला, तो फवाऱ्याने मारता येई आणि तासाभरात वाळे. त्यामुळे कारखान्यातून भराभर रंगीत गाड्या निघायला लागल्या. पण या रंगाची एक गोष्ट होती: मारल्यावर तो तसा मंदच दिसतो. पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने घासायचा, मग कंपाऊंडने रगडायचा, तेव्हा कुठे चमक येते. म्हणजे पॉलिश हा त्या रंगाचा शेवटचा हात होता, वरची हौस नव्हती.

आणि असल्या चमकत्या गाड्यांचं गाव म्हणजे आपलं इंदूर! यशवंतराव होळकर, दुसरे, १९२६ साली गादीवर आले तेव्हा अठरा वर्षांचेही नव्हते. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी माणिकबाग उभा करून घेतला, तो त्या काळातल्या युरोपलाही नवा वाटावा असा. गाड्यांचा शौकही तसाच. अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एस.जे. चॅसी मागवली, आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतली. जवळजवळ सात लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, सुपरचार्जरसकट कंपनी सांगे ३२० अश्वशक्ती. रंग केशरी आणि काळा. १९३७ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीच बंद पडली. गाडी पुढे परदेशी गेली, माणिकबागेतलं फर्निचर १९८० साली मोनॅकोत लिलावात विकलं गेलं, आणि त्या महालात सरकारी कर खात्याचं ऑफिस आलं. काळ्या रंगावर बोटभर धूळ बसली तरी दिसते. माळव्याच्या मातीत ती गाडी चमकती ठेवायला कुणाचे तरी हात रोज लागलेच असणार. पुस्तकांत महाराजांचं नाव येतं, बॉडी बांधणाऱ्याचं येतं. फडकं मारणाऱ्याचं येत नाही.

आमच्यासारख्यांच्या गाड्यांची गोष्ट वेगळी, तिथे मुद्दा पाण्याचा. जुन्या मंडळींना आठवत असेल, नर्मदा येण्याआधी इंदुरात नळाला काय हाल होते! यशवंतसागर आणि बिलावलीवर वाढलेलं शहर कसं भागवणार? १९७० चं नर्मदा आंदोलन त्यातूनच पेटलं, आणि १९७८ मध्ये सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पाणी वर चढवून आणलं गेलं. त्याआधी गाडी धुवायला बादलीभर पाणी मागितलं असतं तर आजीने अण्णांनाच बाहेर काढलं असतं. म्हणून गाडी कोरडी पुसायची. वर मातीचे कण, त्यावरून कोरडं फडकं. दरवेळी हजारो बारीक ओरखडे. उन्हात पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल दिसतात ना, ते हेच. आणि हे ओरखडे घालवायला मग दसऱ्याला कंपाऊंड.

हे सगळं मला पुतण्याने समजावलं. तो म्हणाला, "काका, पॉलिश काही भरत नाही, काढतं. ओरखडा म्हणजे खड्डा. आजूबाजूचा रंग खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवला की खड्डा दिसेनासा होतो." आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर बिनरंगी क्लिअर कोट असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉन. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे बघा! त्या गाड्यांना बफ केलं तर पॅड पांढरंच राहतं. आमच्या गाडीला क्लिअर कोट नाहीच, म्हणून अण्णांचं फडकं निळं व्हायचं. तो रंगच होता, दर दसऱ्याला थोडा थोडा निघणारा.

मशीनही दोन तऱ्हेचं. एक नुसतं गरगर फिरतं, ते झटपट कापतं, पण एका जागी दोन सेकंद जास्त थांबलं की उष्णता चढते, आणि ड्युको उष्णतेने मऊ पडतो. कडेवर तर रंग सरळ जळतो. दुसरं फिरता फिरता हलतंही, ते हळू, पण माफ करणारं. पुतण्याने दुसरं आणलं. आधी गाडी दोन बादल्यांनी धुतली, मग मातीसारख्या मऊ क्ले बारने चिकटलेली घाण ओढून काढली, रबर आणि सगळ्या कडांना टेप लावली. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून तोंडाला मास्क. हातभर जागा आधी करून बघायची, फोमचं पॅड सपाट धरायचं, जोर द्यायचा नाही, उभे-आडवे हात मारायचे, आणि मग स्पिरिटने पुसून खरंच ओरखडे गेलेत की नुसतं तेल चमकतंय ते बघायचं.

पण सुरू करण्याआधी त्याने थराची जाडी मोजायचं यंत्र लावलं. दरवाज्यावर १४० मायक्रॉन. डिकीवर १३०. बॉनेटच्या मधोमध ५५, आणि उजव्या कडेला ३०. यात खालचं प्रायमरही धरलेलं. तो गप्प झाला. म्हणाला, "इथे मशीन लावलं तर पाच मिनिटांत पत्रा दिसेल."

अण्णा उजव्या बाजूला बसायचे. स्वस्तिक बॉनेटवर काढायचं म्हणून तिथेच सगळ्यात जास्त रगडायचे. चाळीस दसरे.

भाऊ म्हणाला, "म्हणूनच सांगतोय, नवा रंग मारू. उरलंय काय त्यात?" त्याचंही खोटं नव्हतं. खाली गंज सुरू झाला तर गाडीच जाईल. आई ओट्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "जेवढं उरलंय तेवढं राहू दे. माझ्यानंतर काय हवं ते करा." यावर कोण काय बोलणार?

शेवटी असं ठरलं: दरवाजे, छत, डिकी मशीनने, बॉनेट फक्त धुवायचं आणि हाताने मेण लावायचं. मेण काही कापत नाही, पाणी आणि हवा मात्र अडवतं. कडेला जिथे प्रायमर डोकावतंय तिथे दर पावसाळ्याआधी पुतण्या बघणार, गंज दिसला तर तेवढंच टचिंग. भाऊ अजून कुरकुरतोय की गाडी दुरंगी दिसते. दिसते खरी. दरवाज्यात चेहरा दिसतो, बॉनेटमध्ये दिसत नाही.

दसऱ्याला आईने त्याच मंद बॉनेटवर स्वस्तिक काढलं. फडकं मारायला मी बसलो होतो, उजव्या बाजूला. हात आपोआप जोर द्यायला लागला तशी ती म्हणाली, "हळू रे."

तुमच्या घरी कुणाची जुनी फियाट, लँब्रेटा, सायकल उभी असेल तर आधी जाडी मोजून घ्या, मगच मशीन लावा. आणि ती कोण पुसायचं, तेही इथे लिहा. नावं राहायला हवीत.