ऐच्छिक टेलिफोन-सेवांचा भार कोणीं वाहावा ?

सार्वजनिक सोयीचा खर्च सर्वांनीं वांटून घ्यावा, कीं ती सोय ज्यानें वापरली त्यानेंच तो द्यावा, हा वाद पूल, पाणीपट्टी व टपाल यांच्या इतिहासांत वारंवार आढळतो. टेलिफोनाच्या इतिहासांत तो विशेष स्पष्ट दिसतो. कारण एकाच तारेवरून आवश्यक व ऐच्छिक अशा दोन्ही प्रकारच्या सेवा मिळतात आणि महिन्याचें बिल मात्र एकच येतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या वादास जें वळण लागलें, तें तीन सेवांच्या उदाहरणांनीं वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पूर्वपीठिका. १९०७ सालीं थिओडोर व्हेल हे अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीचे दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले. सर्व देशांत एकच व्यवस्था असावी व तिची सेवा सर्वत्र पोंचावी, हें त्यांचें धोरण होतें. एका वर्गणीदाराची भर पडली म्हणजे बाकीच्या सर्वांस बोलावयास एक मनुष्य अधिक मिळतो. तेव्हां वर्गणी हलकी ठेवावी व खर्च सर्वांवर पसरावा, ही विचारसरणी पुढें मक्तेदारीच्या काळांत दृढ झाली. तींत तथ्य होतें. परंतु खर्च पसरला म्हणजे तो दिसेनासा होतो, हेंहि तितकेंच खरें आहे.

पहिलें उदाहरण नंबर-चौकशीचें. हवा तो नंबर पुस्तकांत न शोधतां ऑपरेटरास विचारण्याची सोय तेथें दीर्घकाळ फुकट होती. फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. ऑपरेटरांचे पगार सर्वांच्या वर्गणींतूनच निघत. १९७४ सालीं ओहायो संस्थानांतील सिनसिनाटी शहरीं असा नियम झाला कीं, एका बिलाच्या मुदतींत तीन स्थानिक चौकश्या मोफत, व त्यापुढें दर चौकशीस २० सेंट. अशा चौकश्यांची संख्या तात्काळ व फार मोठ्या प्रमाणावर घटली. परगांवच्या नंबरांची चौकशी पूर्ववत् मोफत होती. तिच्या संख्येंत तशी घट झाली नाहीं. १९६२ ते १९७६ पर्यंतचे आंकडे घेऊन केलेला या घटनेचा अभ्यास १९७८ सालीं प्रसिद्ध झाला. दोन्ही प्रकारचे आंकडे शेजारीं ठेविले असतां उघड होतें कीं, पुष्कळ लोक केवळ संवयीनें विचारीत होते. आणि त्या संवयीचें मोल, महिन्यांतून दोनचार वेळां टेलिफोन करणारी एखादी गरीब विधवाहि भरीत होती.

तथापि दुसरी बाजू विसरतां कामा नये. आंधळ्या मनुष्यास छापील पुस्तकाचा काय उपयोग ? पुस्तक छापून झाल्यावर ज्यानें टेलिफोन घेतला, त्याचा नंबर त्यांत कोठून सांपडणार ? अशा वेळीं चौकशी ऐच्छिक राहत नाहीं. पहिल्या तीन चौकश्या मोफत ठेवण्यांत या अडचणीची थोडीफार दखल घेतली गेली, असें आम्हांस वाटतें.

दुसरें उदाहरण उलट दिशेचें आहे. १८ नोव्हेंबर १९६३ रोजीं पेन्सिल्व्हेनियांतील कार्नेगी व ग्रीन्सबर्ग या गांवीं, चकती फिरविण्याऐवजीं बटणें दाबून नंबर लावण्याची सेवा सुरू झाली. तीस दरमहा जादा आकार होता. नव्या यंत्रसामग्रीचा खर्च ती हौसेनें घेणारांनीं द्यावा, हें त्या वेळीं न्याय्यच होतें. पुढें इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजें आलीं आणि बटणांच्या सेवेस निराळा असा खर्च फारसा उरला नाहीं. तरीहि अनेक संस्थानांत तो आकार वर्षानुवर्षें चालूच राहिला. तात्पर्य, स्वतंत्र आकार म्हणजे खऱ्या खर्चाचें प्रतिबिंब, असें गृहीत धरतां येत नाहीं.

तिसरें उदाहरण ९११ या संकटकालीन नंबराचें. त्यावरील पहिला टेलिफोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं अलाबामांतील हेलीव्हिल या गांवीं झाला. पुढें ही व्यवस्था पसरली, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं तिच्यासाठीं प्रत्येक टेलिफोनावर लहानशी पट्टी बसली. ज्याच्या घरास कधीं आग लागली नाहीं, त्यानेंहि ती द्यावी काय ? आमच्या मतें द्यावी. आग शेजाऱ्याच्या भिंतीशीं थांबत नाहीं. आणि संकटांत सांपडलेल्यानें मदत मागण्यापूर्वीं पैशाचा हिशेब करावा, असें कोणीहि म्हणणार नाहीं.

१९९६ सालच्या अमेरिकन दूरसंचार-कायद्यानें या सर्व अनुभवास शब्दरूप दिलें. सार्वत्रिक सेवा ही काळानुसार बदलत जाणारी गोष्ट आहे, हें त्यानें मान्य केलें. एखादी सेवा शिक्षण, आरोग्य वा सुरक्षितता यांस अत्यावश्यक आहे काय, व बहुसंख्य घरगुती ग्राहकांनीं ती आपखुषीनें घेतली आहे काय, हे विचारांत घ्यावयाचे मुद्दे ठरले. शिवाय सार्वत्रिक सेवेस दिलें जाणारें साह्य उघड असावें, असेंहि त्यांत म्हटलें आहे. १९९७ सालीं संघीय आयोगानें साह्यास पात्र सेवांची यादी केली. तींत बटणांची सेवा, संकटकालीन नंबर व नंबर-चौकशी या तिन्ही आल्या. मात्र चौकशीपुरती हमी तेथवर पोंचण्याची होती, फुकटपणाची नव्हती. आपल्या देशांतहि १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधि अस्तित्वांत आला व खेड्यापाड्यांतील टेलिफोनासाठीं कंपन्यांच्या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा उघडपणें घेण्यांत येऊं लागला.

येणेंप्रमाणें आमचा निष्कर्ष असा : जी सेवा केवळ सोयीची आहे, तिचें मोल वापरणारानें द्यावें, जिच्यावांचून कोणाचें तरी अडतें, तिचा भार सर्वांनीं वाहावा. दोहोंमधील सीमा मात्र कायमची आंखतां येत नाहीं. काल जी हौस होती ती आज गरज होते, आणि ज्या आकारास काल कारण होतें त्यास आज तें उरत नाहीं. म्हणून ही सीमा वेळोवेळीं तपासली पाहिजे, व तपासतां यावी यासाठीं हिशेबाची वही सर्वांस खुली पाहिजे. भार वाहणारास आपण कशाचा भार वाहतों हें कळणें, हा त्याचा पहिला हक्क आहे.