एकच रंग, दोन डोळे: मेंदूतल्या पेशींचं भांडण

हेडफोन लावलेत ना? आत्ता माझा आवाज तुमच्या कानापासून मेंदूपर्यंत पोचतोय, तो एका पेशीनं दुसरीला निरोप देत देत. आज हे शाळेच्या पुस्तकात असतं. पण एकेकाळी यावरून जोरदार भांडण झालं होतं.

तेव्हा मेंदूचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला, की दिसायचा नुसता गुंता. १८७३ मध्ये इटलीतल्या कामिल्लो गॉल्जी या डॉक्टरनं यावर युक्ती काढली. मिलानजवळच्या एका हॉस्पिटलात, स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करून! मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचा. मोजक्याच पेशी काळ्या व्हायच्या, पण ज्या व्हायच्या त्या अख्ख्या, फांद्यांसकट. गॉल्जीचं मत पडलं: हे तंतू एकमेकांत विणलेलं एकच अखंड जाळं आहे.

१८८७ मध्ये स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालनं असे काप पहिल्यांदा पाहिले. या माणसाला व्हायचं होतं चित्रकार. वडिलांनी डॉक्टरकीला घातलं. त्यानं गॉल्जीचीच पद्धत घेतली, पण रंग दोनदा दिला. शिवाय पिल्लांचे आणि भ्रूणांचे मेंदू निवडले, कारण कोवळ्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण अजून चढलेलं नसतं. मग पुढच्याच वर्षी त्यानं छापलं: तंतू जवळ येतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. प्रत्येक पेशी सुटी! पुढे त्यानं निरोपाची दिशाही सांगितली. डेंड्राइट नावाच्या फांद्यांतून निरोप आत येतो, ॲक्सॉन या लांब तंतूतून बाहेर जातो.

१९०६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, तेही विभागून. आणि काय झालं माहितीये? गॉल्जीनं नोबेलच्या भाषणातच सुट्या पेशींच्या सिद्धांतावर टीका केली. दुसऱ्या दिवशी काहालनं आपल्या भाषणात त्याच सिद्धांताचे पुरावे मांडले.

निकाल लागला १९५० च्या दशकात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दोन पेशींमधली फट दिसली, साधारण २० नॅनोमीटरची. तोवर दोघंही हयात नव्हते. गंमत म्हणजे, काही न्यूरॉन थेट जोडलेलेही असतात, हे नंतर कळलं. म्हणजे गॉल्जी अगदीच चुकला नव्हता.

पण ती इवलीशी फट महत्त्वाची आहे, बरं का. नैराश्यावरची कितीतरी औषधं तिथेच काम करतात. सगळं अखंड जाळंच मानून बसलो असतो, तर त्या फटीत शोधायला गेलं असतं कोण?

रंग तोच, पेशी त्याच. फरक पडला तो काहालनं पुन्हा एकदा नीट पाहिलं म्हणून. भेटू पुढच्या भागात!